मायटरवाला ढेकण्या आणि तीन बिळांची गांधीलमाशी

दृढीकरणाच्या दिवशी बिशपांच्या मस्तकावरचा मायटर आपण सर्वांनी पाहिला आहे. युरोपच्या गवताळ माळांवरील एका ढेकण्याला इंग्रजीत नावच पडले आहे, 'बिशप्स मायटर'. जेमतेम सेंटिमीटरभर लांबी, वाळल्या गवताचा रंग, ढालीसारखी पाठ आणि पुढे निमुळते डोके. घरातल्या ढेकणाचा हा दूरचा भाऊबंद. पण रक्त पीत नाही, गवताच्या दाण्यांतला रस शोषतो. कधी गव्हावरही बसतो, म्हणून शेतकऱ्याचा नावडता. मादी गवतावर दोन ओळींत अंडी चिकटवते आणि निघून जाते. पिल्ले कोशात न जाता पाच वेळा कात टाकून मोठी होतात.

जिथे गवत विरळ होऊन वाळू उघडी पडते, तिथे वेगळाच संसार दिसतो. अमोफिला नावाची बारीक कमरेची गांधीलमाशी वाळूत बीळ खोदते, अळीला नांगी मारून लुळी करते, आत ओढते आणि तिच्यावर एकच अंडे घालते. हॉलंडमधील जेरार्ड बेरेंड्स यांनी या माशांवरील आपला अभ्यास १९४१ साली प्रसिद्ध केला. त्यांना दिसले की एक मादी एकाच वेळी दोन-तीन बिळे सांभाळते. सकाळी ती रिकाम्या हाताने बिळात डोकावते आणि आतला साठा पाहून त्या दिवशी किती अळ्या आणायच्या ते ठरते. बेरेंड्स यांनी या पाहणीआधी अळ्या काढल्या किंवा वाढवल्या, तर तिचा हिशेब बदलायचा. पाहणीनंतर बदलल्या, तर ती सकाळचाच हिशेब दिवसभर चालवायची!

हे वाचून आम्हीही पटकन म्हणालो, माशी चांगली आई आणि ढेकणी निष्काळजी. पण त्या लुळ्या, जिवंत अळीला विचारले तर? शिवाय ढेकण्याची पिल्ले अन्नावरच जन्मतात, त्यांना कोणी भरवायची गरजच नसते.

खरी पंचाईत आहे ती माळ राखणाऱ्यांची. सगळे गवत दाणा धरण्याआधीच कापले तर ढेकण्या उपाशी. कधीच कापले नाही तर गवत माजून वाळू झाकली जाते, मग माशीने खोदावे कुठे? (आवार एका दिवसात चकाचक करणाऱ्या आपल्या उत्साही मंडळींनी इथे क्षणभर थांबावे.) म्हणून जाणकार माळ तुकड्यातुकड्याने कापतात. कुठे वाळू मोकळी ठेवतात, तर कुठे गवत पुढच्या वर्षापर्यंत तसेच उभे सोडतात. त्याच गवताच्या बुडाशी, पाचोळ्यात, मायटरवाले ढेकणे हिवाळा काढतात.