सायकल किती अंतरात थांबते?

धाकट्या भावाला तोल सांभाळता आला, की त्याला सायकल येऊ लागली असे तुम्ही म्हणता. पण रहदारीत जाण्यापूर्वी त्याला थांबता आले पाहिजे. समजा, वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर आहे. धोका पाहून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, की ५ मीटर संपले. पुढील दोन सेकंदांत वेग एकसारखा घटत शून्य झाला, तर आणखी ५. एकूण १० मीटर! वेग दुप्पट केल्यास गतिज ऊर्जा चौपट होते. ब्रेक तितक्याच जोराने लावले, तरी एकूण अंतर १०+२०, म्हणजे ३० मीटर होते. चाकाची कड पावसाने भिजली, तर त्याहूनही जास्त.

मैदानावर फक्कीची रेघ आखा. भाऊ रेघेवर येताच ‘थांब’ म्हणा आणि अंतर त्यालाच मोजू द्या. रस्ता त्यानंतर!