विटेच्या भावात किती वेठ?

व्यापारी बंधूंनो, दुकान किंवा ऑफिस बांधायला काढले की आपण विटेचा हजारी भाव विचारतो, वाहतूक कोणाच्या अंगावर ते विचारतो, वीट वाजवून पाहतो. ती पाडली कोणी, हे कोणी विचारत नाही. आमच्या कापडधंद्यात हा प्रश्न आता टळत नाही. शिनजियांग प्रांताचा माल सक्तीच्या मजुरीचा नाही असे सिद्ध झाल्याशिवाय आत घ्यायचा नाही, असा कायदा अमेरिकेने २०२१ मध्ये केला आणि जून २०२२ पासून तो लागू आहे. शर्टाचा कापूस कुठला, इथपर्यंत कागद मागितले जातात. विटेला असा कागद नाही.

आपल्या रायगडातच पाहा. नागोठणे आणि रोहा यांच्यामध्ये निडीचे रेल्वे स्थानक आहे. या पेण-रोहा पट्ट्यात कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. खैरापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. जंगल हातचे गेले, जमीन बहुतेकांच्या नावावर नाही. भातकापणी आटोपली की दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात. काही कोळसा पाडायला पार कर्नाटकापर्यंत. परततात ती पावसाच्या तोंडावर.

त्यांना बांधणारी दोरी म्हणजे उचल. ऐन पावसाळ्यात घरात दाणा नसतो, गणपतीचा सण तोंडावर असतो, तेव्हा मुकादम रोख पैसे हातावर ठेवतो. पुढचा हिशेब नमुन्यादाखल मांडतो, आकडे माझे आहेत. समजा जोडप्याने ३० हजार उचलले. हजार विटांना ७०० रुपये ठरले आणि हंगामात सव्वीस आठवड्यांत १ लाख २० हजार विटा पडल्या. मजुरी झाली ८४ हजार. आठवड्याची खर्ची अडीच हजार, म्हणजे ६५ हजार पोटात गेले. उरले १९ हजार. उचलीतून ते वजा केले तरी ११ हजार अंगावर राहिले, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. अवकाळी पावसाने कच्ची वीट विरघळली तर ती मोजणीत धरत नाहीत. वही एकट्या मालकाकडे, आणि मजुराला वाचता येत नाही.

आता हाच हिशेब उलट बाजूने करा. आठवड्याला सहा दिवस धरले तर दोघांच्या ३१२ हजेऱ्या होतात. हजेरीला २७० रुपयेही पडत नाहीत, आणि गारा तुडवणाऱ्या पोरांना तर आपण यात धरलेच नाही.

कोणी म्हणेल, आगाऊ रक्कम देणे हा तर व्यापाराचा दस्तूर आहे. खरे आहे, आम्हीही भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला आगाऊ देतो. पण त्याची वही त्याच्याजवळ असते, आणि पटले नाही तर तो आमचे पैसे फेडून दुसऱ्या शेठकडे जातो. भट्टीवरच्या माणसाला हंगामाच्या मध्यावर उठून जाता येते का, एवढे पाहिले की उचल कोणत्या जातीची ते कळते.

कायदा इथे फार स्पष्ट आहे. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. त्याप्रमाणे वेठीचे कर्ज आपोआप संपते, आणि संपलेल्या कर्जापोटी पैसे वसूल करणे हाच गुन्हा ठरतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हे कर्ज वेठीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर आहे, मजुरावर नाही. एशियाड बांधकामाच्या खटल्यात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम घेणे हीसुद्धा राज्यघटनेच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरी आहे. साखळदंड दिसलाच पाहिजे असे नाही.

कायदा आपणहून चालत नाही, हे वसईत दिसले. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने तिथल्या आदिवासी वेठबिगारांना सोडवण्यासाठी मोठी लढत दिली. या कामाबद्दल दोघांना १९९९ चा आंतरराष्ट्रीय गुलामगिरीविरोधी पुरस्कार मिळाला.

मग खरेदीदाराचा वाटा कोणता? स्वस्त वीट मिळावी म्हणून हंगामाआधी भट्टीवाल्याला आगाऊ पैसे देणारे आपल्यातच आहेत. ती रक्कम पुढे मुकादमाच्या हातून उचल होऊन वाडीत उतरते. माल उतरल्यावर तीन-तीन महिने पैसे थकवणारेही आपल्यातच. ती तंगी शेवटी खर्चीवर निघते. म्हणून आगाऊ देताना एक अट घाला : प्रत्येक जोडप्याजवळ स्वतःचे हिशेबाचे पुस्तक हवे, दर शनिवारी त्यात विटा आणि खर्ची लिहून त्यांना वाचून दाखवली जावी. पुस्तक पाहिल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका. हजारी भाव थोडा चढेल, तो कबूल करा. भट्टीवर एकदा स्वतः जा, तेही मुकादमाला न कळवता.

एखादे कुटुंब अडकलेले दिसले तर भट्टीवाल्याशी तडजोड करून पैसे भरत बसू नका. तसे केल्याने ते कर्ज खरे ठरते. लेखी तक्रार तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या नेमण्याची तरतूद याच कायद्यात आहे. चौकशीनंतर मिळणारे मुक्तीचे प्रमाणपत्र मात्र हातात घेतल्याशिवाय कुटुंबाला गावी धाडू नये. केंद्राच्या योजनेतील मदत, पुरुषाला १ लाख आणि स्त्रिया-मुलांना २ लाख रुपये, त्याच कागदावर अडते.