चूर्णाची सवीर्यता : ग्रंथोक्त दोन मास आणि वेष्टनावरील दोन वर्षे

आषाढातील दमट हवेत टेंभुर्णीसारख्या गावी एखादा रुग्ण लवणभास्कर चूर्णाची बाटली परत घेऊन येतो. आत ओलसर खडे झालेले असतात. वेष्टनावरील मुदत मात्र वर्षभर शिल्लक असते. “तारीख आहे, मग औषध बिघडले कसे?” या प्रश्नाचे उत्तर वैद्य व औषधविक्रेता या दोघांनाही देता आले पाहिजे.

शार्ङ्गधरसंहितेच्या प्रथम खंडानुसार चूर्ण दोन महिन्यांनंतर, तर गुटिका व अवलेह एका वर्षानंतर हीनवीर्य होतात. घृत-तैलाविषयीच्या वचनाचा अर्थ कोणी चार महिने, तर कोणी सोळा महिने असा लावतात. आसव, धातू व रसकल्प मात्र जुने झाल्यावर गुणयुक्त मानले आहेत.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील नियम १६१-ब अन्वये २०१० पासून आयुर्वेदीय औषधांवर मुदत छापणे बंधनकारक झाले. त्यात चूर्ण व घृतास २ वर्षे, अवलेह व तैलास ३ वर्षे आणि आसवारिष्टास १० वर्षे दिली आहेत. मुदतीनंतर विक्री निषिद्ध आहे.

ही विसंगती वरवरची आहे. छापील मुदत ही बंद वेष्टनात, योग्य जागी ठेवलेल्या औषधाची असते. झाकण उघडताच परिस्थिती पालटते. बारीक दळलेल्या द्रव्याचा हवेशी संपर्क वाढतो, सुगंधी द्रव्यांतील उडनशील तैल निघून जाते आणि लवण व शर्करा ओलावा शोषतात. घृत-तैल उष्णतेने व प्रकाशाने खवट होते. उन्हाळ्यात चाळीस अंशांपलीकडे तापणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात पत्र्याच्या छपराखालील साठ्याचे काय होत असेल, याचा विचार करावा.

व्यवहारात पुढील दक्षता घ्यावी :

१. बरणी उघडल्याचा दिनांक तिच्यावरच लिहावा. उघडलेले चूर्ण दोन महिन्यांत संपेल एवढेच मागवावे.
२. रुग्णास पुडी देताना तीवर मूळ मुदत लिहावी व कोरडा चमचा वापरण्यास सांगावे.
३. आधी मुदत संपणारा साठा आधी द्यावा. मुदतबाह्य साठा वेगळ्या कपाटात ठेवावा.
४. गंध, वर्ण वा रुची पालटल्यास मुदत शिल्लक असूनही औषध देऊ नये.

हीनवीर्य औषधाने गुण न आल्यास रुग्ण बरणीस दोष देत नाही; शास्त्रास देतो. म्हणून कायद्याची तारीख ही अंतिम मर्यादा मानावी आणि ग्रंथोक्त अवधी हा नित्य व्यवहाराचा दंडक ठेवावा.