कुटुंब लहान कां होत गेलें?

विद्यार्थ्यांनो, गेल्या सत्रांत नववीच्या वर्गाला मीं एक लहानसा अभ्यास दिला होता. आजीला, आईला आणि आपणांस भावंडें किती, तें घरीं विचारून लिहून आणावयाचें. एका मुलीनें लिहिलें: आजीला आठ, आईला तीन, मला एक. दुसऱ्या दिवशीं ती वही घेऊन परत आली. "सर, आजी म्हणते, आठांतलीं चार लहानपणींच गेलीं. तीं धरायचीं कीं नाहीं?" धर, असें मीं सांगितलें.

या प्रश्नांत निम्मा धडा आहे. जन्मलेलीं मुलें आणि जगलेलीं मुलें हीं पूर्वीं दोन निराळीं गणितें होतीं. १९५१ च्या सुमारास भारतांतील सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतें. देवी, पटकी, हिवताप यांच्या तडाख्यांतून कोण वांचेल याचा भरंवसा नव्हता; आणि म्हातारपणीं मुलांवांचून दुसरा आधारही नव्हता. पुढें लस, औषधें व स्वच्छ पाणी आलें, मुलें जगूं लागलीं. परंतु आईबापांच्या मनांतील धास्ती एका दिवसांत जात नाहीं. मृत्यु आधीं घटतात, जन्म मागाहून. मधल्या काळांत लोकसंख्या झपाट्यानें वाढते. आपल्याकडे तसेंच घडलें.

दुसरें कारण तुमच्या हातांतल्या पाटीपुस्तकांत आहे. शेतकऱ्याच्या घरीं सात वर्षांचा मुलगा गुरें राखी, मुलगी धाकट्याला कडेवर घेई. तींच मुलें शाळेंत घातलीं कीं त्यांच्या कामाचा हातभार जातो आणि फी, वह्या, गणवेश यांचा खर्च मात्र येतो. मग चौघांना अर्धवट शिकविण्यापेक्षां दोघांना पुरतें शिकवावें, असें आईबाप ठरवितात. त्यांतून मुलगी शिकली तर तिचें लग्न लांबतें व घरांत तिच्या शब्दाला वजन येतें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत शाळेचें तोंड न पाहिलेल्या स्त्रियांमागें सरासरी २.८ मुलें, तर बारा वर्षें वा अधिक शिकलेल्यांमागें १.८, असें आढळलें. महाराष्ट्राचा आंकडा १.७ होता, बिहारचा ३.०.

इच्छेबरोबर साधनही हवें. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. या मतांपायीं त्यांना विल्सन कॉलेजांतील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. तें कॉलेज मिशनचें होतें, हें आपण मिशन शाळेंतल्यांनीं लपवूं नये. सरकारनें हें कार्य १९५२ सालीं हातीं घेतलें. १९७५-७७ च्या आणीबाणींत नसबंदीची सक्ती झाली. लोकांनीं १९७७ च्या निवडणुकींत तिचा राग काढला. सक्ती उठली, तरी जन्म पुढें घटतच राहिले. धाकानें नव्हे, शाळा आणि दवाखाना जवळ आल्यानें घरें बदललीं, असें माझें मत आहे.

पालकांना मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुलें दोनच हवीं, पण त्यांत मुलगा हवाच, हा हट्ट कायम राहिला, तर कुटुंब मुलींना वगळून लहान होतें. गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालींच केला. तथापि सहा वर्षांपर्यंतच्या वयांत हजार मुलग्यांमागें मुली २००१ सालीं ९१३ होत्या, त्या २०११ च्या शिरगणतींत ८९४ भरल्या. त्या वहीवाल्या मुलीची आजी आपल्या गेलेल्या चार भावंडांचीं नांवें तरी सांगूं शकली. या मुली कोणाच्याच वहींत नाहींत.