दुधाचं दही का होतं?



गेल्या गुरुवारच्या अभ्यासात एका ताईंनी विचारलं होतं, "प्रत्येक गोष्टीला कारण असतं हे मान्य. मग कारण कळलं तरी समाधान का होत नाही?" प्रश्न छोटा आहे, पण दर्शनकारांनी त्यावर शेकडो वर्षं वाद घातलाय. आणि उदाहरण कुठलं, तर आपल्या स्वयंपाकघरातलं, दूध आणि दही!

सांख्य म्हणतात, दही दुधात आधीपासून अव्यक्त रूपात असतंच, म्हणून ते दुधापासून होतं, पाण्यापासून नाही. तेल तिळातून निघतं, वाळूतून नाही, तसंच. हा सत्कार्यवाद. नैयायिक विचारतात, आधीच होतं तर विरजण कशाला लावता? दूध आंबट का लागत नाही? त्यांच्या मते दही ही नवीच वस्तू. बौद्ध आचार्य नागार्जुन दोन्ही मतं नाकारतात. वस्तू स्वतःतूनही उपजत नाही आणि दुसऱ्यातूनही नाही, असं ते म्हणतात. (वाद चालूच राहिला, दही मात्र रोज लागत होतं.)

आता विज्ञान काय सांगतं? विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. आंबटपणा वाढला की केसीन नावाचं प्रथिन एकत्र येतं आणि दूध थिजतं. थंडीत आपण भांडं शालीत गुंडाळून का ठेवतो, याचं उत्तर इथे मिळतं. जिवाणूंना ऊब लागते. पण केसीन एकत्र का येतं? त्याच्या कणांवरचा विद्युतभार आम्लामुळे नाहीसा होतो, मग ते एकमेकांना दूर ढकलत नाहीत. सारखे भार दूर का ढकलतात? निसर्गनियम. नियम असाच का? इथे सगळेच गप्प. कारणाला कारण, त्याला आणखी कारण, टेकायला जागाच नाही, याला शास्त्रात अनवस्था म्हणतात.

न्यूटननेही १७१३ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलं की गुरुत्वाकर्षणाचा नियम सापडला, पण त्याचं कारण सापडलेलं नाही, आणि उगाच तर्क मी लढवत नाही. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

म्हणून कारणं फुकट असं नाही हं. 'कसं' कळलं की हात चालतो, दही लागतं, औषध मिळतं. 'का' मात्र एक पायरी मागे सरकतो, एवढंच.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. आपल्यातल्या एका घरी तरुण मुलाला किडनीचा आजार झालाय. भेटायला जाणारे त्याच्या आईला "प्रारब्ध हो, दुसरं काय" असं सांगून येतात. डॉक्टरांच्या कारणातून पथ्य कळतं, डायलिसिसचे वार ठरतात. आपल्या 'प्रारब्धा'तून तिला काय कळलं? कुठलं कर्म, कधीचं, कोणाचं, आपल्याला तरी ठाऊक आहे का? मुलगा ठणठणीत असता तरी आपण हाच शब्द वापरला असता. जो शब्द काहीही घडलं तरी लागू पडतो, तो स्पष्टीकरण कसला? प्रारब्ध हा शब्द स्वतःचं दुःख सोसताना स्वतःशी म्हणायचा आहे. दुसऱ्याच्या दारात तो आरोपासारखा लागतो. ती आई "माझ्याच मुलाला का?" म्हणते, तेव्हा ती कारण मागतच नसते.

या आठवड्यात घरी बोलून पाहा: अशा वेळी आपण काय बोलावं, किंवा न बोलता काय करावं? उत्तरं बुधवार रात्रीपर्यंत ग्रुपवर पाठवा. व्हॉइस मेसेज चालेल, पण दोन मिनिटांच्या आतला. आणि त्या घरी डब्याची पाळी लावतोय, शनिवार अजून रिकामा आहे.