घटक ५ : दूरस्थ साहाय्य आणि सूचनांची भाषा

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस –
• दूरस्थ साहाय्याची संकल्पना व कार्यपद्धती स्पष्ट करता येईल.
• दूरध्वनीवरून द्यावयाच्या सूचना अचूक मराठीत रचता येतील.
• संमती व सुरक्षितता यांविषयीचे नियम कुटुंबीयांना समजावून सांगता येतील.

५.२ प्रास्ताविक

नोकरी, शिक्षण वा विवाह यांमुळे आज अनेक कुटुंबे निरनिराळ्या गावी विखुरली आहेत. गावी राहणाऱ्या वडिलांचा संगणक अडला, की पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला दूरध्वनी येतो. आपल्यापैकी अनेकांना हे परिचित असेल. अशा वेळी तंत्राची माहिती जितकी आवश्यक, तितकीच भाषेची जाणही आवश्यक असते. कारण एकाला जे दिसते ते दुसऱ्याला दिसत नाही. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात या संभाषणाला स्थान आहे ते याच कारणाने.

५.३ दूरस्थ साहाय्य म्हणजे काय?

एका संगणकाचा पडदा इंटरनेटद्वारे दुसऱ्या संगणकावर पाहणे आणि परवानगी मिळाल्यास तेथील माउस व कळफलक चालवणे, यास दूरस्थ साहाय्य म्हणतात. विंडोजमधील क्विक असिस्ट, गूगलचे क्रोम रिमोट डेस्कटॉप, तसेच टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क ही यासाठीची परिचित साधने होत. तपशील भिन्न असले, तरी तत्त्व एकच आहे. एका बाजूस एक संकेतांक तयार होतो; तो दुसऱ्या बाजूस सांगितला जातो; आणि ज्याचा संगणक आहे त्याने अनुमती दिल्यावर जोडणी होते. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये मदत घेणाऱ्याच्या पडद्यावर १२ अंकी संकेतांक दिसतो. क्विक असिस्टमध्ये संकेतांक मदत करणाऱ्याकडे तयार होतो. संकेतांक कोणी कोणाला सांगावयाचा, हे म्हणूनच आधी निश्चित करावे.

येथे दोन पायऱ्यांतील भेद ध्यानात घ्यावा. पडदा दाखवणे ही पहिली पायरी, तर नियंत्रण देणे ही दुसरी. पुष्कळ अडचणी पहिल्याच पायरीवर सुटतात.

५.४ सूचनांची भाषा

एक उदाहरण घेऊ. वडील देवस्थान समितीचे इतिवृत्त टंकलिखित करत आहेत आणि मराठीऐवजी अचानक इंग्रजी अक्षरे उमटू लागली आहेत. “संगणक बिघडला,” असे ते सांगतात. हे निदान नव्हे, ती व्यथा आहे. म्हणून प्रथम विचारावे : “बाबा, पडद्यावर आत्ता काय दिसते, ते जसेच्या तसे वाचून दाखवता का?” कारण बहुधा इतकेच असते, की कळफलकाची भाषा बदललेली आहे. ती पूर्ववत करण्यासाठी पुढील दोन सूचना पाहा :

(अ) “अहो, लँग्वेज स्विच करा ना, ते तिथे खाली आहे.”
(आ) “बाबा, कळफलकाच्या खालच्या ओळीत डावीकडे चार चौकोनांचे चिन्ह असलेली कळ आहे. ती दाबून धरा. आता सर्वांत लांब आडवी कळ एकदा दाबा. काय बदलले, ते सांगा.”

(अ) मध्ये ‘तिथे’ हे दर्शक क्रियाविशेषण निरुपयोगी ठरते, कारण दाखवणारे बोटच ऐकणाऱ्यास दिसत नाही. (आ) मध्ये स्थान, खूण, कृती आणि पडताळा असा क्रम आहे. प्रत्येक वाक्यात एकच क्रिया आहे. शिवाय कृती वडिलांच्या हातून घडते, त्यामुळे पुढील वेळी त्यांना दूरध्वनी करण्याची गरज उरत नाही.

वाक्यरचनेचाही परिणाम होतो. “तुम्ही फाइल पुसली” या वाक्यात कर्त्यावर आरोप येतो. “फाइल जागेवर दिसत नाही, आपण शोधू” या वाक्यात लक्ष कामाकडे वळते. ज्यांनी आपल्याला अक्षरे गिरवायला शिकवले, त्यांना शिकवताना हा भेद विशेष जपावा.

नियंत्रण घेतल्यावर प्रत्येक कृती आधी उच्चारावी : “आता मी सेटिंग्ज उघडते.” बाण आपोआप हलू लागला, की पाहणारा गोंधळतो. विंडोज प्रशासकीय परवानगी मागते तेव्हा मदत करणाऱ्याला पडदा काळा दिसू शकतो. अशा वेळी “तुमच्याकडे प्रश्न आला असेल, तो वाचून दाखवा” असे सांगावे.

५.५ संमती आणि सुरक्षितता

प्रत्येक साहाय्यातून घरातील माणसाला एक सवय लागत असते. “फोन आला, की पडद्यावरचा आकडा सांगायचा,” एवढेच आईवडील शिकले, तर हीच सवय फसवणूक करणाऱ्याच्या पथ्यावर पडते. बँकेचा किंवा कंपनीचा अधिकारी असल्याची बतावणी करून असे ॲप घ्यायला लावणे आणि खात्यातील रक्कम काढून घेणे, ही फसवणुकीची प्रचलित रीत आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कच्या अशा गैरवापराबाबत बँकांना सावध केले होते. दोष साधनाचा नसतो. अनोळखी माणसाला दिलेल्या अनुमतीत धोका असतो.

म्हणून घरात पुढील नियम ठरवावेत :
१. साहाय्याचा दूरध्वनी गरज असलेल्याने स्वतः, ओळखीच्या क्रमांकावर करावा. आलेल्या दूरध्वनीवर संकेतांक सांगू नये.
२. पडदा दिसत असताना बँकेचे संकेतस्थळ, ओटीपीचा संदेश किंवा खासगी पत्रव्यवहार उघडू नये. पासवर्ड टाकण्याची वेळ आल्यास जोडणी आधी थांबवावी.
३. काम संपताच जोडणी तोडावी आणि ती कशी तोडायची, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी शिकवावे.
४. आर्थिक फसवणूक झाल्यास त्वरित १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर आणि आपल्या बँकेस कळवावे. संकोचाने दवडलेला वेळ रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी करतो. म्हणून “आम्ही रागावणार नाही” हे आश्वासन आधीच दिलेले असावे.

५.६ सारांश

दूरस्थ साहाय्य पडदा दाखवणे आणि नियंत्रण देणे या दोन पायऱ्यांनी घडते. त्याची परिणामकारकता स्थान, खूण, कृती व पडताळा या क्रमाने दिलेल्या सूचनांवर अवलंबून असते. मदत घेणाऱ्याचा मान आणि त्याची संमती जपली, तरच त्याची सुरक्षितता टिकते.

५.७ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. दूरध्वनीवरील सूचनेत दर्शक क्रियाविशेषणे अपुरी का पडतात?
२. “तुम्ही चुकीचे बटण दाबले” हे वाक्य आरोप टाळून पुन्हा लिहा.
३. उपक्रम : घरातील ज्येष्ठ व्यक्तीसाठी वरील नियम मोठ्या अक्षरांत, सहा ओळींत लिहा आणि तिला वाचून दाखवा. तिला न समजलेले शब्द बदलून दुसरा खर्डा तयार करा.