सेंटरला एकदा येऊन जा

परवा पाणी भरताना शेजारच्या गल्लीतल्या एका आईनं मला गाठलं. "ताई, पोरगा रोज संध्याकाळी सेंटरला पळतो. तुम्ही शिकवता तरी काय? वही तर कोरीच असते!" मी म्हटलं, "काल कॅरमवरून भांडला, आज ते भांडण मिटवतोय." ती हसली, पण समाधान काही झालं नाही. तोच प्रश्न तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात असणार. शिवाय, फुकट चालवतात म्हणजे यांचा काहीतरी डाव असणार, हेही. शंका घ्या, त्यात वाईट काही नाही. पोर तुमचं आहे.

आधी घराचंच बघू. आपल्या गोवंडीत खोली दहा बाय पंधराची. तेवढ्यात सहा माणसं, कोपऱ्यात मोरी, वर माळा आणि माळ्यावर रात्रपाळी करून झोपलेला काका. आठवीतल्या पोरानं पुस्तक पसरलं की कुणाचा तरी पाय त्यावर पडतोच. मग त्याला तुम्हीच म्हणता, "जा जरा बाहेर." बाहेर म्हणजे नाका. तिथं त्याची वाट कोण बघत असतं, ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. नाका यायच्या आधी एखादं दार उघडं असावं, कुणीतरी त्याला नावानं हाक मारावी, एवढ्यासाठीच हे सेंटर. अभ्यास होतो, नाही असं नाही. पण तो नंतर. आधी पोर टिकायला हवं.

ही युक्ती काही आमच्या डोक्यातली नाही. १९२० च्या दशकात क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यानं आपल्याच मुंबईतल्या नागपाड्यात 'नागपाडा नेबरहुड हाउस' उघडलं. नाना धर्मांची, दाटीवाटीची वस्ती ती. समाजसेवकानं वस्तीबाहेरून उपदेश न करता वस्तीतच घर मांडावं, असा त्यामागचा विचार. पुढं १९३६ साली टाटांच्या विश्वस्त निधीतून समाजकार्य शिकवणारी शाळा सुरू झाली तीही नागपाड्यातच, आणि पहिले संचालक मॅन्शार्टच. आज आपल्या शेजारी देवनारला जी टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, आहे ना, ती हीच शाळा. म्हणजे एवढी मोठी संस्था निघाली ती एका मोहल्ल्यातल्या सेंटरच्या आधारानं!

आणि त्याच नागपाड्यात बास्केटबॉल असा रुजला की तिथली पोरं थेट देशाच्या संघात गेली. अब्बास मुंतसिर त्यातलेच. भारताचे कर्णधार झाले, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. हे सांगितलं की एखादे बाबा लगेच विचारतात, "मग आमच्याला टीममध्ये कधी घेणार?" अहो, सगळेच अब्बास होत नाहीत. त्यांच्यासोबत खेळून घामाघूम होऊन रात्री सरळ घरी गेलेल्या पोरांची नावं कुठंच छापून आली नाहीत. माझा जीव त्या पोरांत जास्त अडकतो.

आता आमची एक चूक सांगते. मागच्या वर्षी मुली गळायला लागल्या. सहावीपर्यंत यायच्या, सातवी-आठवीत गेल्या की बंद. आम्ही काय समजायचं ते समजलो: घरचे पाठवत नाहीत, जुने विचार. पालकसभा बोलावली आणि मी स्वतः मुलींच्या शिक्षणावर पाऊण तास बोलले. आया मुकाट ऐकत होत्या. सभा संपल्यावर एक बाई, दिवसभर घरी बसून जरीकाम करणारी, उठून सेंटरभर हिंडली. कपाट बघितलं नाही, संगणक बघितला नाही. सरळ मागच्या संडासाचं दार ढकललं, परत ओढलं आणि मला विचारलं, "कडी कुठंय?"

कडी नव्हती. कित्येक महिने नव्हती. दाराला आतून दोरी बांधलेली, लहान मुलं ती धरून बसायची. पाळी सुरू झालेल्या मुलीनं तिथं कसं जायचं, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. आणि मुली कशाला बोलतील? माझं पाऊण तासाचं भाषण आठवलं की अजून कानकोंडं व्हायला होतं. दुसऱ्या दिवशी कडी बसली, झाकणाची बादली आली, बाहेर दिवा लागला. सगळ्या नाही आल्या परत. चार आल्या. त्यातली एक धाकट्या भावाला मांडीवर घेऊन कॅरम खेळते. तो स्ट्रायकर तोंडात घालतो आणि डाव अडतो.

म्हणून सांगते, निकाल विचारायला नका येऊ. सहज या. शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ आम्ही सगळे असतो. जमाखर्चाची वही टेबलावरच आहे, ती चाळा. पोरं कुणाशी कशी बोलतात ते बघा, आम्ही पोरांशी कसे बोलतो तेही बघा. आणि मागचं दार एकदा ओढून बघाच. पावसात लाकूड फुगलंय, कडी परत नीट बसत नाहीये.